उभं राहिल्यागत बसायची खुर्ची

गुलबर्ग्याच्या एका डिझाइन कॉलेजात मी ‘भविष्यातल्या गरजा’ नावाचा विषय शिकवते. बसवकल्याणची आमची शेजारीण विचारते, "म्हंजे पत्रिका बघायला शिकवता व्हय?" मला हसू येत नाही. पत्रिका बघणाऱ्याला निदान शहरातून कुणी परीक्षक तपासायला येत नाही.

दरवर्षी मी एकच काम देते. ओळखीचं एक ठिकाण घ्या, दहा वर्षांनी तिथल्या माणसांना काय लागेल ते ओळखा आणि ती वस्तू करून दाखवा. बहुतेक पोरं उडत्या मोटारी काढतात. ज्यांच्या गावाला धड बस येत नाही, तीसुद्धा.

एका वर्षी चिटगुप्प्याची एक मुलगी होती. किराणा दुकानदाराची लेक. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि भांडायला लागली की हैदराबादी उर्दू! ती गाणगापूरला जाऊन बसली. तिथं दुपारी यात्रेकरू घरोघर माधुकरी मागतात. मागणाऱ्यांत कोण दत्त महाराज असतील सांगता येत नाही, म्हणून वाढणारी बाई उभी राहूनच वाढते. दुसरं कुणी असतं तर मागणाऱ्यांकडं बघत बसलं असतं. हिनं वाढणाऱ्यांकडं बघितलं.

"मॅडम, पोरं सगळी पुण्याला न् हैदराबादला गेलीत," परत आल्यावर ती म्हणाली. "घरात म्हाताऱ्याच उरल्यात. एका आजीनं मला बघून दारच लावून घेतलं. कामून म्हणून विचारलं, तर म्हणती, गुडघ्यानं उभारवत न्हाई, आन् देवाला बसून कसं वाढू? मागायला येणारे कमी होईनात मॅडम, देणाऱ्या संपायल्यात."

अगं, हेच तर मी घसा फोडून सांगत आले होते!

तिनं एक उंच खुर्ची केली. टेकून बसलं की बाई उभी असल्यागतच दिसायची. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या, पुढं भाकरीची टोपली ठेवायला फळी. सगळं काम उंचीत होतं. जरा कमी झाली की बसल्यागत दिसायचं, जरा जास्त झाली की पाय लोंबकळायचे. त्या आजीच्या पायाशी टेप धरून ही पोरगी किती वेळ बसली असेल! आजी खुर्चीवर टेकली, दार उघडलं, दारात आलेल्याला भाकरी वाढली आणि हिच्या गालाला हात लावून रडली.

परीक्षेला दाखवायचं म्हणून खुर्ची आजीकडून मागून कॉलेजात आणली. परीक्षक मोठ्या शहरातले. खुर्चीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "यात भविष्य कुठंय? स्क्रीन नाही, सेन्सर नाही. हे तर सुतारकाम झालं." मी मधे बोलायला गेले, तर प्राचार्यांनी डोळे वटारले. सुधारून आणा, असा निकाल लागला.

आठवड्यात तिनं आणलं. स्टीलचं कपाट. फोन दाखवायचा, खण उघडणार, आत भाकरीचं पाकीट. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर, आणि लगोलग बेंगळुरूत नोकरी.

"अगं, हे त्या आजीच्या काय कामाचं?" मी ओरडलेच.

"आजीच्या न्हाई मॅडम. परीक्षकांना पुढं काय लागणार ते वळखलं. तुम्हीच शिकवलंय की."

राग तिचा कमी आला, त्या टाळ्यांचा जास्त. जळो ती परीक्षा!

"आणि आजीची खुर्ची?"

"पुढच्या खेपेला नेऊन देते."

पुढची खेप झालीच नाही. सुट्ट्यांत कॉलेजला रंग दिला, तेव्हा मागच्या खोलीतलं सगळं सामान, त्या खुर्चीसकट, भंगारवाल्याला गेलं. मी विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, "जुन्या खुर्चीसाठी एवढं काय मनाला लावून घेता?" गाणगापूरला त्या आजीनं दार पुन्हा लावून घेतलं असणार. बघायला जायची माझी छाती झाली नाही.

परवा त्या मुलीचा फोन आला. बेंगळुरूत ती फोनवरची बटणं कुठं असावीत ते ठरवते म्हणे.

"मॅडम, अप्पा गेल्यापासून आई घरात एकलीच असती. ओट्यापाशी उभारवत न्हाई तिला, आन् खाली बसली की उठता येत न्हाई. ती खुर्ची हाय का हो कॉलेजात?"

"भंगारात गेली."

ती म्हणाली, "तसलीच करून घ्या की कुणाकडनं तरी."

"घेते. आईच्या पायाचं माप सांग."

तिच्या ऑफिसातला गलबला तेवढा ऐकू येत राहिला.

"माप न्हाई माझ्याकडं."

"मग जा आणि घे."

"सुट्टी मिळंना हो मॅडम," ती म्हणाली, आणि रडायला लागली.