उशाकडची जागा

आमच्या घरात सगळ्यात चांगली जागा देवदूताची होती. पिंपळे गुरवला एका शेतकऱ्याच्या घरामागची एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. तिच्यात आई, बाबा, मी, माझी चार वर्षांची धाकटी बहीण, चूल आणि पाण्याची भांडी. तरीही आम्हा दोघींच्या अंथरुणाच्या उशाकडे हातभर जमीन मोकळी ठेवायची, तिथे कोणी बसायचं नाही आणि काही ठेवायचं नाही, असा आईचा दंडक होता. विश्वासणाऱ्याच्या, म्हणजे आम्हा ख्रिस्ती माणसांच्या, लेकराच्या उशाशी देवाचा दूत राखणीला उभा असतो, असं तिला नगरकडच्या तिच्या गावात शिकवलेलं. तो देवाचा चाकर, त्याला हात जोडायचे नाहीत. पण त्याची जागाही अडवायची नाही. मी दप्तर तिथे टेकवलं की आई ते मुकाट्याने उचलून माझ्या हातात द्यायची. मला त्या दूताचा रागच यायचा. आम्ही पाय मुडपून झोपायचं आणि हा पाहुणा ऐसपैस.

बाबा पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर गवंडी होते. कारखाने तेव्हा कुठे उभे राहत होते आणि खडकीपर्यंत शेतंच शेतं होती. त्या हिवाळ्यात धाकटीला घटसर्प झाला. घसा दुखतो म्हणाली तेव्हा आईने हळदीचं दूध दिलं. मग तिचा आवाज बसला, आणि श्वास घेताना गळ्यातून शीळ वाजायला लागली. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. जाताना त्यांनी बाबांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं की उशीर झालाय, आता हलवू नका, वाटेतच काहीतरी होईल. दार उघडंच होतं, त्यामुळे ते आम्हालाही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सायकलवरून खडकीला गेले आणि तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन आले. माणूस भला होता. त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, धाकटीच्या कपाळावर हात ठेवला. मग आईला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "बाई, घाबरू नका. देव आपल्या लेकरांना मरणातसुद्धा एकटं सोडत नाही. त्याचे दूत येतात आणि जीवाला अलगद उचलून विसाव्याला नेतात."

मरण हा शब्द तोवर आमच्या खोलीत कोणी उच्चारला नव्हता.

आईने विचारलं, "कोणते दूत, साहेब?"

"हेच की. जन्मभर जे राखतात, तेच शेवटी न्यायला येतात."

आईने उशाकडच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जागा राखली, तो कशासाठी ताटकळत उभा आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. ती उठली, त्या जागेवर जाऊन मांडी घालून बसली आणि धाकटीचं डोकं तिने मांडीवर घेतलं. मला म्हणाली, "दार लाव."

भर सकाळी मी दाराला कडी घातली. पाळकसाहेब आत तसेच अवघडून बसून राहिले.

थोड्या वेळाने घरमालकीणबाईंनी कडी वाजवली. मी दार किलकिलं केलं, तर त्यांच्या हातात विळा होता. "आमच्यात आजारी लेकराच्या उशाखाली इळा ठेवत्यात," त्या म्हणाल्या. "लोखंडाला भ्यून काय बी जवळ येत न्हाई. तुमच्यात चालत आसंल तर ठेव, पोरी."

त्यांच्या घरचा प्रसादसुद्धा आई कधी घेत नसे. तिने हात पुढे करून विळा घेतला आणि उशीखाली सारला.

"बाई, हे आपल्यात नाही," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले.

"ठाऊक हाय, साहेब," आई म्हणाली. "पण मला न्हाई द्यायची ती."

बाबा भिंतीकडे तोंड करून रडत होते. मी प्रार्थना करायला बसले, पण मागायचं काय तेच मला कळेना. देवा, तुझा दूत पाठव म्हणावं, की देवा, पाठवू नको म्हणावं? लहानपणापासून पाठ केलेलं सगळं त्या दिवशी निरुपयोगी ठरलं. धाकटी मात्र खूश होती. तिला किती दिवसांपासून आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं होतं.

उन्हं कलायच्या सुमारास गळ्यातली शीळ थांबली. आम्हाला वाटलं आराम पडला. आईला मात्र लगेच समजलं.

ती रडली नाही. धाकटीचे कपाळावरचे केस मागे सारत राहिली. मग एकाएकी घाबरी झाली, दिवसभरात झाली नव्हती इतकी. तिने धाकटीचं डोकं उशीवर ठेवलं, विळा ओढून काढून चुलीमागे टाकला आणि गुडघ्यांवर सरकत उशाकडची जमीन मोकळी केली.

"दार उघड," ती मला म्हणाली. मी उघडलं. "समदं उघड. आणि वाटेतून बाजूला हो."

बाबा तिला धरायला गेले तर तिने त्यांचा हात झटकला. ज्याला हात जोडायचे नाहीत असं तिनेच आम्हाला शिकवलं होतं, त्याला तिने हात जोडले. "ये, बाबा," ती त्या मोकळ्या जागेला म्हणाली. "मी अडवलं म्हणून तिला टाकून जाऊ नको. तिला अजून ओढ्यापातूर बी एकटीला जाता येत न्हाई."