घ्या म्हटलं म्हणून घेतलेली शाल

पन्नाशीला टेकलेल्या बाईनं बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून पश्चिम आशियाच्या अभ्यासात एम.ए. करायला घेतलं, की कोथरूडमध्ये त्याची दखल घेतली जाते. सोसायटीच्या चेअरमननी लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "पश्चिम आशिया म्हणजे नेमकं कुठं? हिंजवडीच्या पुढं?" मी म्हटलं, "हो, फाट्यावर उतरायचं." नवऱ्यानं एवढंच विचारलं, की स्वयंपाकाच्या बाईंच्या वेळा बदलणार का.

इतिहास, राजकारण, तेलाच्या भानगडी, हे सगळं मला जमत होतं. पाठांतरावर आमची पिढी कुठलीही परीक्षा पास होते. घोडं अडलं ते फारसीपाशी. ती दोन वर्षं सक्तीची, आणि शिकवणाऱ्या बाई थेट इराणच्या. फारसीत बाईंना खानुम म्हणतात, म्हणून आम्हीही खानुमच म्हणायचो. तरुणपणी शिकायला पुण्यात आल्या, इथल्याच माणसाशी लग्न करून राहिल्या. भाजीवाल्याशी मराठीत हुज्जत घालायच्या, आमच्याशी मात्र फारसीखेरीज अवाक्षर नाही.

तोंडी परीक्षेच्या आधी त्यांनी एकेकाला सरावासाठी घरी बोलावलं. मी गेले तेव्हा खुर्चीच्या पाठीवर एक डाळिंबी शाल टाकलेली होती, काठाला बारीक भरतकाम. मला फारसीत येणारी सगळी विशेषणं मी त्या शालीवर खर्च केली. खानुम लगेच उठल्या, शालीची घडी करून माझ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "काबेली नदारे." म्हणजे, तुमच्यापुढं हिची काय किंमत, घ्या.

आता मी पुण्यात जन्मलेली. आमच्याकडे द्यायचं नसेल तर कुणी 'घ्या' म्हणत नाही; द्यायचं असलं तरी बहुधा म्हणत नाही. त्यामुळे चुकून कुणी म्हटलंच, तर त्याचं मन बदलायच्या आत घ्यावं, हा साधा हिशेब. मी आभार मानले आणि शाल पिशवीत टाकली. खानुम हसल्या, दारापर्यंत सोडायलाही आल्या. रिक्षात मी स्वतःवर भलतीच खूश होते. माझं फारसी ऐकून कुणी शाल देतं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी हे वर्गातल्या यवतमाळच्या मुलीला सांगितलं. फारसीत आमच्यात तीच सगळ्यांत हुशार. तिच्या हातातला सामोसा हातातच राहिला.

"काकू, खरंच घेऊन आल्या तुम्ही?"

"त्या द्यायलाच लागल्या, तर?"

"अवो, तो तारोफ होता! त्यांच्यात कोणी वस्तूची तारीफ केली, की घ्या म्हणायचंच असते. आपण नाही म्हणायचं. तीनदा. मलाही म्हटलं होतं त्यांनी." मग आवाज उतरवून म्हणाली, "आईची शाल आहे ती त्यांच्या. मागच्या वर्षी आई गेली, तर जाताही नाही आलं त्यांना. भावानं शाल तेवढी पाठवली."

आयुष्यात कुणाचं साधं पेन न ढापलेली मी, एका बाईच्या आईची शाल हसत हसत उचलून आणली होती. मला स्वतःची अतोनात लाज वाटली.

शाल परत करायची, आणि तीही त्यांना संकोच न वाटू देता. त्या आता ती तीनदा नाकारणार, म्हणजे मला तीनदा आग्रह करणं आलं. त्या मुलीनं तीन वाक्यं लिहून दिली, ती मी भांडी लावताना घोकली. शिवाय आमच्याकडची रीत अशी, की कुणाची वस्तू परत करायची ती होती त्याहून बरी करून. त्या शालीला कित्येक दिवसांत पाणी लागलेलं नव्हतं, हे नाकाला कळत होतं. मी ती लोकरीच्या कपड्यांच्या साबणात हलक्या हातानं धुतली. समाधान होईना, म्हणून पुन्हा धुतली. सावलीत वाळवली, वर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळून नेली.

पहिलं वाक्य म्हटलं. खानुम 'छे छे' म्हणाल्या. दुसरं म्हटलं, पुन्हा नकार. तिसरं मी साफ विसरले.

"अहो, मला नकोय हो ती!" मी मराठीत ओरडलेच. "तुमच्या आईची आहे. घ्या बघू."

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. चेहऱ्याला लावून मोठा श्वास घेतला. मग दुसरं टोक उलगडून पुन्हा नाकाशी धरलं, मग मधली घडी.

"धुतलीत?" त्यांनी मराठीत विचारलं.

"दोनदा," मी म्हणाले. मला कौतुकाची अपेक्षा होती.

त्यांनी शालीची सावकाश घडी घातली. "दस्ते शुमा दर्द नकुने," त्या म्हणाल्या. तुमचे हात न दुखोत. कुणी आपल्यासाठी कष्ट घेतले, की त्यांच्यात असे आभार मानतात. यावरचं ठरलेलं उत्तर मला पाठ होतं, ते मी एकही चूक न करता दिलं आणि निघाले.

दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले आणि पाय जागीच थांबले. त्यांच्या आईचा वास मी दोन पाण्यांत काढून मोरीत सोडून दिला होता.