हात कानाला लागेपर्यंत

मी हे लिहायला बसलो, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं तर अजून माझी जीभ अडखळते. शिवाय सांगायचं आहे ते माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, आणि तिला मी विचारलेलं नाही.

पनवेलच्या खाडीकाठी आमची वस्ती. वडील मिठागरावर कामाला. बहीण जन्मली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. तिचं डोकं मोठं, कपाळ पुढे आलेलं, हातपाय आखूड. मान धरायलाच तिला फार दिवस लागले. इतर बाळं बसू लागली तरी आई तिला बसवत नसे. जुन्या लुगड्याची गुंडाळी पाठीला लावून आडवीच ठेवी. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. एवढ्या डोक्याच्या भारानं पाठ वाकेल, हे तिचं तिलाच कळलं होतं.

त्या दिवसांतलं मला जे आठवतं, ते सगळं पांढरं आहे. उन्हाळ्यातली दुपार, मिठाचे ढीग, त्यांच्यावर थरथरणारं ऊन आणि बांधावर बसलेली बहीण. दुरून पाहिलं की ती जमिनीपासून जराशी वर तरंगते आहे असं वाटे. खरंच तसं दिसायचं, की मी नंतर मनात तसं करून घेतलं, ते आता सांगता येत नाही.

शेजारीण एकदा म्हणाली, "काय गो, तुझी पोर मिठागरावं बसून आटली का?"

आई हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आटली नाय. दाट झाली."

बहीण सहा वर्षांची झाल्यावर आई तिला कडेवर घेऊन शाळेत नाव घालायला गेली. मीही बरोबर होतो. जन्माचा दाखला आमच्या वस्तीत कुणाकडेच नसे, म्हणून मास्तर एकच परीक्षा घेत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. लागला तर मूल शाळेच्या वयाचं. बहिणीचा हात टाळूपर्यंत गेला आणि थांबला.

"मास्तर, ह्यो दुसरा कान जवल हाय," ती म्हणाली. "ह्यो चालंल का?"

सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. "लहान आहे हो अजून. पुढच्या वर्षी आणा."

"सा वरसांची हाय, मास्तर," आई म्हणाली. पण मास्तरांनी पुढच्या मुलाला हाक मारली होती.

पुढच्या वर्षीही तेच झालं. मग मी मनाशी ठरवलं, हात लांब करायचा. रोज संध्याकाळी कोमट खोबरेल चोळून मी तिचा हात ओढू लागलो. आई, वडील कुणी अडवलं नाही. सगळ्यांनाच ते खरं वाटत होतं.

"दादूस, आज किती वाढला?"

"दोन तांदूळ."

तिला दुखत असणार. ती ओठ दाबून खाडीकडे बघत राही. भरतीचं पाणी चढत असे, शिडाचे पडाव आवाज न करता आत येत, आणि मलाही वाटे की तिचा हात तसाच सावकाश पुढे सरकतो आहे.

मग मी मुंबईला आलो. वसतिगृहात माझ्या खोलीत डॉक्टरी शिकणारा एकजण होता. धीर करून त्याला बहिणीचं सांगितलं. "अरे, तिची हाडंच तशी वाढतात," तो म्हणाला. "ओढून लांब होत नाहीत, सांधा मात्र दुखावेल. आणि डोकं मोठं म्हणून बुद्धी कमी, असं काही नसतं. शाळेत घाला तिला."

त्या रात्री मी घरी पत्र लिहिलं. तिचा हात ओढू नका, तो कानाला कधीच लागणार नाही, मास्तरांना तसं सांगा. 'कधीच' या शब्दापाशी मी थांबलो होतो. पत्र आठ दिवस वहीत पडून राहिलं, मग पेटीत टाकलं.

जून गेला. उत्तर नाही. मी संध्याकाळी बोटींच्या धक्क्यावर जाऊन गावाकडचं कुणी उतरतं का पाहत असे.

श्रावणात कार्ड आलं. अक्षर आमच्या दुकानदाराचं, बोलणं आईचं. माझं पत्र पोचायच्या आधीच आई बहिणीला घेऊन शाळेत जाऊन आली होती. मास्तरांनी पुन्हा हात कानाला लावायला सांगितला, तेव्हा तिनं पोरीचं तोंड उघडून पुढचे नवे दात दाखवले. म्हणाली, बाजारात बैलाचं वय दातांवरून बघता, आन माझे पोरीचा कानावरून बघता? मास्तरांनी नाव लिहिलं. पहिले दोन दिवस आई शाळेच्या दाराशी बसून होती. तिसऱ्या दिवशी पोरीनंच तिला घरी पाठवलं.