एक ते पाच

माणसाचं मन मोजायचं, हा माझ्या बाबांचा धंदा. नागपूरच्या बोलीत मानसशास्त्राची चाचणी तयार करणारे ते पहिले. त्याआधीचे प्रश्न परदेशातून भाषांतर होऊन आलेले. त्यातला 'अनोळखी माणसाशी बोलायला संकोच वाटतो का?' हा प्रश्न त्यांनी कळमन्याच्या बाजारात एका अडत्याला विचारला. तो म्हणाला, "अनोळखी कोन? तुमी? बसा, चहा सांगतो." बाबांनी घरी येऊन ती चाचणी माळ्यावर टाकली आणि स्वतःची लिहायला घेतली. पुढे ती कॉलेजाकॉलेजांत गेली. बाबांना शाली मिळाल्या, नारळ मिळाले. नारळाच्या चटण्या आम्ही खाल्ल्या.

इथवर ठीक होतं. पण माझं लग्न ठरायची वेळ आली तर या माणसानं मुलालाही चाचणी द्यायला लावली. मुलगा कुहीचा, घरी धानाची शेती, माझ्याच ऑफिसात कामाला. मला हाच हवा होता, आणि हे मी घरात ठणकावून सांगितलं होतं. "पसंती तुझी, मोजमाप माझं," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांना आवरायला दुसरं कोणी नव्हतं.

बाबांनी मला घेऊन कुही गाठली आणि प्रश्नपत्रिका उघडली, तर अख्खं घर भोवती येऊन बसलं. तिथं कोणतंच काम एकट्यानं करायची पद्धत नाही. 'राग किती येतो? एक ते पाच.' मुलगा दोनावर खूण करत होता, तर त्याची आई म्हणाली, "काहून दोन? पाहुणे एवढ्या उन्हाचे आले, पाच दे त्याईले." तिला वाटलं, गुण बाबांना द्यायचे आहेत. मग काय, रागीट पाच, शांत पाच, आळशी पाच, कष्टाळूही पाच.

"असा माणूस शास्त्रात बसत नाही," बाबा म्हणाले. फेरचाचणी ठरली. त्या वेळी उत्तरं बदलली, म्हणून मुलगा भरवशाचा नाही. पुढच्या वेळी तंतोतंत जुळली, म्हणून पाठ केली असणार. दर खेपेला पाटोडी-रस्सा चापून खायचा आणि निकाल राखून ठेवायचा. मुहूर्त निघून चालले होते. माझं डोकं सटकलं होतं, मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

अखेरच्या फेरीला मुलाचे वडील, जे एरवी फक्त मान हलवायचे, ते म्हणाले, "सर, आता आमचाबी एक सवाल. पोरगी इकडं आल्यावर तुमाले घरी करमन का जी? एक ते पाच."

बाबांनी पेन्सिल उचलली. पाचावर नेली, एकावर आणली, तशीच धरून बसले. त्या घरात पहिल्यांदाच कोणी उत्तर सुचवलं नाही.

"प्रश्नाची रचना चुकली आहे," बाबा म्हणाले.

"मंग दुरुस्त करून द्या."

बाबांनी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मला रडू फुटलं. इतके दिवस मी त्यांना विक्षिप्त म्हणत होते, आणि हा माणूस नुसता वेळ काढत होता.

"तारीख तुमीच काढा," शेवटी बाबा म्हणाले.

मुलाच्या आईनं त्यांच्या ताटात आणखी रस्सा वाढला. "लग्न झाल्यावरबी येत जा जी," ती म्हणाली, "परीक्षा घ्याले."