जाळ्याला दार ठेवणारी

आमच्या धक्क्यावर तिला सगळे गाठमावशी म्हणतात. खरं नाव असेलच काहीतरी, पण त्या नावाने हाक मारलीत तर ती मागे वळूनही बघणार नाही.

जाळी विणणं आणि फाटलेली सांधणं हा तिचा धंदा. बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून तिची पत्र्याची शेड आहे. वर पाइपाला जाळं टांगलेलं, खाली उलट्या क्रेटवर मावशी. हातात सुई, दातांत दोरा आणि बोलण्यात कुणाची तरी सून. दोरा दातांत धरून इतकं स्पष्ट बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

फुशारकी म्हणाल तर एकच. "माझ्या जाळ्यातून काही सुटत नाही." हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, मग तो पोस्टमन का असेना.

ही फुशारकी गेल्या हंगामात एकाएकी बंद झाली. तिचा धाकटा दीर बोटीवर तांडेल आहे, म्हणजे कप्तान. माणूस चांगला, स्वतःच्या सोडून जगातल्या सगळ्या चुका त्याला दिसतात, एवढंच. त्याच्या जाळ्यात एक मेलेलं कासव आलं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते समुद्रातलं जनावर असूनही बुडून मरतं. त्याच्या मानेवर मावशीच्याच विणीचे वळ उठले होते. तिने त्यावरून बोट फिरवलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. हे मला तिच्या सुनेने सांगितलं, म्हणजे खरं असणार. ती सासूचं कौतुक उगाच करत नाही.

तसा उपाय धक्क्यावर आधीच येऊन पडला होता. मत्स्य खात्याच्या साहेबांनी प्रत्येक बोटीला लोखंडी गजांची एक चौकट वाटली होती. ती जाळ्याच्या पोटात तिरकी बसवायची. मासा गजांमधून मागच्या पिशवीत जातो. कासव गजांना अडतं, वर सरकतं आणि तिथे ठेवलेल्या दारातून बाहेर पडतं. दार म्हणजे जाळ्याला पाडलेलं भोक आणि त्यावर एकाच बाजूने शिवलेली झडप. पण भोकातून मासाही पळेल या धास्तीने चौकटी कुणी बसवल्याच नाहीत. एकीचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार झालं, एकीवर भांडी निथळत असतात.

मावशी बोटमालकांच्या संस्थेच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. "मी बसवते. दिराच्या जाळ्यात बसवून दाखवते."

तांडेल खुर्चीतून अर्धा उठला. "वहिनी, माझंच जाळं का?"

"दुसऱ्याचं कापलं तर तो भांडायला येईल. तुम्ही नुसते गाल फुगवाल, भावोजी."

अध्यक्ष हसत म्हणाले, "आणि मासा कमी आला तर?"

"तर सुई खाली ठेवीन. या धक्क्यावर पुन्हा जाळ्याला हात लावणार नाही."

सुई खाली ठेवून मावशी काय करणार, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मावशीने दिराच्या जाळ्यात चौकट बसवली आणि ठरल्या दिवशी सकाळी बोट निघाली. मावशीचा जन्म जाळ्यांत गेला, पण बोटीत तिने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. पाणी हललं की तिचं पोट हलतं. ती मांडीवर बादली घेऊन बसली. साक्षीला अध्यक्ष. पुढचं मी तिघांच्याही तोंडून ऐकलंय.

पहिल्यांदा जाळं वर आलं ते गच्च भरून. आणि गजांच्या अलीकडे एक कासव, जिवंत, पण मान टाकलेलं. खलाशांनी ते सोडवून ओल्या गोणपाटाखाली ठेवलं. मावशी बादली टाकून दिरावर धावली.

"दार शिवलंत ना, भावोजी? भर बैठकीत ऐकून घेतलंत आणि मागून दार शिवलंत."

तांडेल एक शब्द बोलला नाही. हे नवलच होतं. तिने दातओठ खात झडप हातात घेतली, गाठ बघितली, मग उलटून पुन्हा बघितली. गाठ तिचीच होती.

त्या हातांना जन्मभर एकच शिकवण, भोक दिसलं की बंद करायचं. झडपेची कड पक्की करता करता, बोलण्याच्या नादात, हातांनी झडप चारी बाजूंनी शिवून टाकली होती. तेव्हा विषय कोणाचा चालू होता ते मला माहीत आहे, पण सांगत नाही.

तांडेल गप्प का राहिला, तेही ऐका. त्या सकाळी खिशात दोरा घेऊन तो खरंच दार शिवायला गेला होता. बघतो तर काम आधीच झालेलं. हे त्याने बायकोला सांगितलं आणि तिने आमच्या घरी. मावशीला अजून पत्ता नाही. हे छापून आलं की मी चार दिवस बहिणीकडे राहायला जाणार आहे.

अध्यक्षांनी मिटवायला बघितलं. "मासा भरपूर आलाय मावशी, पैज जिंकलीस. कासव सोडू पाण्यात, झालं."

"दार बंद असताना जिंकले, ती कसली जीत? गाठ माझी आहे. भावोजींवर उगाच आळ घेतला, तोही सगळ्यांच्या देखत परत घेते. जाळं पुन्हा टाका."

तिने आपल्याच गाठी आपल्या कात्रीने कापल्या. तोवर कासवाला तरतरी आली. ते पाण्यात सोडून बोट बरीच लांब नेली आणि जाळं पुन्हा टाकलं. वर ओढताना पिशवी अजून पाण्यातच होती, तेवढ्यात झडप उचलली गेली. एक कासव बाहेर पडलं, वर आलं, फुस्स करून श्वास घेतला आणि खाली गेलं. मागाहून पिशवी आली. पहिल्यासारखीच गच्च.

"दार राहू दे, वहिनी," तांडेल म्हणाला. "दुसऱ्या जाळ्यालाही लाव."

आता धक्क्यावरच्या सगळ्या जाळ्यांना दारं आहेत. मावशी मात्र आपल्या हातांवर विश्वास ठेवत नाही, तांडेलांवर तर नाहीच. जाळं न्यायला येणाऱ्याला ती आधी शेडमध्ये त्यात शिरायला लावते. दारातून रांगत बाहेर आला तरच जाळं मिळतं. मोठमोठे मिशीवाले तांडेल जाळ्यातून डोकं काढताना बघायला आम्ही समोरच्या बाकावर जागा धरून बसतो. अध्यक्ष पोटाशी अडकले, तेव्हा मावशीने कात्री घेऊन दार आणखी मोठं केलं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "तुमच्या मापाची कासवंही असतात."