ताईचं रक्त आणि दोन गावांचं भांडण

राब भाजताना ताईची साडी पेटली. पेरणीआधी वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या, मग रोप जोमानं येतं. मुरबाडकडे म्हशाजवळ ताईचं सासर, तिथं हेच करतात. शहापूरकडे आटगावजवळ आमच्या घरीही हेच. राबाबद्दल माझं काही म्हणणं नाही. नायलॉनच्या साडीबद्दल आहे. आणि तालुक्याच्या गावात भाजलेल्या माणसाला एक खाट मिळत नाही, त्याबद्दल तर इतकं आहे की निवेदनं लिहून माझी बोटं दुखली.

ताईला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. पाठ आणि उजवा हात बराच भाजला होता. जीव वाचला, पण डॉक्टर म्हणाले, कोपरावर लवकर कातडी बसवायला हवी, नाहीतर हात आयुष्यभर आखडलेला राहील. त्यासाठी हिमोग्लोबिन दहा हवं. ताईचं होतं सात.

दाजींनी रक्त दिलं. एक पिशवी चढली, आकडा आठावर गेला आणि चार दिवसांत परत सात. मग बाबांनी दिलं. पुन्हा तेच.

झालं! व्हरांड्यात आई आणि ताईची सासू समोरासमोर.

"विहीणबाई, तुमच्या पोराचं रक्त चार दिस पन नाय टिकलं."

"आनि तुमच्या यजमानांचं टिकलं का? चहा ढोसून ढोसून पानी झालंय त्याचं!"

"आमच्या शहापूरच्या रक्ताला नावं ठेवू नका हां."

"मंग आमच्या मुरबाडच्या का ठेवता?"

आत ताई हसत होती. हसल्यावर पाठ ताणायची, म्हणून कण्हत होती, आणि कण्हता कण्हता परत हसत होती.

मला मात्र संताप आला होता. आमच्या संघटनेची रक्तक्षयावरची पत्रकं मी स्वतः लिहिते: रक्त कमी म्हणजे लोह कमी. ताईला गोळ्या चालू, पिशव्या चालू, मग रक्त जातं कुठं? मी तडक रक्तपेढीत गेले आणि खिडकीवरच्या मुलीला विचारलं, "पाणी घालता काय हो रक्तात?"

ती माझ्याच वयाची. चिडली नाही. आत बोलावून स्टुलावर बसवलं.

"तुमच्या माणसांचे गट वेगळे आहेत. त्यांचं रक्त तुमच्या ताईला गेलंच नाही. ते दुसऱ्या पेशंटना दिलं. ताईला चढलं ते कोणा भलत्याचंच."

मग तिनं सांगितलं. धडधाकट अंगात तांबडी पेशी चार महिने जगते. माणूस भाजला की काही पेशी उष्णतेनं तिथंच फुटतात, काही अधू होऊन थोड्याच दिवसांत मरतात. नंतरही त्या अंगात पेशींना लवकर मरण येतं, बाहेरून दिलेल्या चांगल्या पेशींनासुद्धा. मलमपट्टी बदलताना रक्त जातं ते वेगळंच. आणि हाडातला मगज नव्या पेशी बनवायला मंदावतो. नुसत्या लोहानं हे भागत नाही.

"तिच्या अंगात कोणाचंही रक्त लवकर मरणार," ती म्हणाली. "जखम झाकली गेली, अंग भरलं, की टिकायला लागेल. तिला खायला काय घालता?"

पेज. नुसती पेज! भाजलेल्याला अंडं, सुकट उष्ण पडतं, यावर दोन्ही विहिणींचं एकमत होतं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच अंडी सांगितली होती. ती अंडी आमच्या घरची माणसं खात होती, मीसुद्धा.

व्हरांड्यात येऊन सगळं सांगितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी माझ्या पोराचं रक्त कुठंतरी टिकलं असंल!"

"आनि आमच्या यांचं पन!" आई म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींची अंडी उकडण्यात चढाओढ. ताई ओरडायची, "माणूस हाय मी, कोंबडी नाय गो!" अजून दोन पिशव्या चढल्या. आकडा नवावर रेंगाळला, आणि एका सकाळी कागदावर दहा आलं. त्याच दिवशी तिला ऑपरेशनला आत नेलं.

पत्रकातली 'रक्त कमी म्हणजे लोह कमी' ही ओळ मी खोडली. चूक ती चूक.

कातडी धरली. कित्येक आठवडे कोपराचे व्यायाम झाले, शिव्याही झाल्या. परवा तिच्या सासरी गेले तर ताई ओट्यावर बसून दोन्ही हात डोक्यामागं नेऊन स्वतःची वेणी घालत होती. वेणी पार वाकडी. मी सारखी करायला पुढे झाले.

"हात लावून तर बघ," ती म्हणाली, "मोडून ठेवीन."