साखळीसरांच्या खुर्च्या

साखळीसर हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. पण पुरवठ्याची साखळी, मालाची साखळी, साखळीतली कच्ची कडी असं वर्षानुवर्षं वर्गात घोकणाऱ्या प्राध्यापकाला विद्यार्थी दुसरं काय म्हणणार? पुढे पुढे तर फाटकावरचा पहारेकरीही 'साखळीसर आले' म्हणून अडसर उघडायचा, आणि घरी फोन करणारे लोक त्यांच्या बायकोला बिनदिक्कत 'साखळीबाई' म्हणायचे.

बाई डोळ्यांच्या डॉक्टर. "जगाचे डोळे तपासले मी, लग्नाच्या वेळी नेमके स्वतःचे तपासायचे राहिले," असं त्या सरांच्या देखत पाहुण्यांना सांगत, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्याने सरच हसत.

मुळात सर पंपांच्या कारखान्यात इंजिनियर. पंप तयार, खोकी तयार, ट्रक दारात उभा. आणि खोक्यावर चिकटवायच्या लेबलांसाठी अख्खा कारखाना हातावर हात ठेवून बसलेला. असं का होतं, हे त्यांनी साहेबांना इतक्यांदा विचारलं की साहेब कावून म्हणाले, "बाबा रे, एवढे प्रश्न पडतात तर कॉलेजात जा. तिथे प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो." सर खरंच गेले. कारखान्यांच्या दाराशी ट्रक ताटकळतात का, यावर त्यांनी डॉक्टरेट केली. ती इतकी लांबली की सासरे चारचौघांत म्हणत, "आमचे जावई ट्रकबरोबर उभे आहेत. ट्रक सुटला की तेही सुटतील."

सुटले एकदाचे, आणि शिकवण्यात असे रमले की घरी जेवायला बसल्यावरही मीठ-भाजीच्या वाहतुकीत सुधारणा सुचवू लागले. त्यांच्या वर्गातला एक खेळ तर कॉलेजभर गाजलेला. चार विद्यार्थी एका रांगेत: दुकानदार, त्याच्यामागे घाऊक व्यापारी, मग वितरक, शेवटी कारखानदार. एकमेकांशी बोलायचं नाही, मागणीची चिठ्ठी तेवढी मागे सरकवायची. सर गिऱ्हाईक होऊन बिस्किटांचे दोन पुडे जास्त मागत. दुकानदार म्हणे, असू देत चार. व्यापारी म्हणे, असू देत दहा. चिठ्ठी कारखानदारापर्यंत पोचेस्तोवर बिस्किटांचा डोंगर उभा राही आणि वर्ग हसून आडवा होई. मग चष्मा पुसत सर म्हणत, "राईचा पर्वत राई करत नाही, पोरांनो. मधली माणसं करतात. आणि प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो!"

अशा माणसाची निवृत्ती आली. कॉलेजने मोठ्या सभागृहात त्यांचं शेवटचं व्याख्यान ठेवलं, जुन्या विद्यार्थ्यांना आमंत्रणं गेली, आणि सरांनी धास्ती घेतली. आदल्या वर्षी लेखाशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त झाले, तेव्हा ऐकायला कोण होतं? त्यांची बायको, एक मेहुणा, आणि पंख्याखाली डुलकी काढायला आलेला रंगारी. बाकी ओळीच्या ओळी रिकाम्या. आपलीही तीच गत झाली तर? जन्मभर बडबडलो ते कुणाच्या कानांत राहिलंय की नाही? सर टोस्ट चहात बुडवून तिथेच विसरू लागले.

"अहो, तो टोस्ट तळाशी गेला. काय झालंय?"

"कुठे काय? काही नाही."

"काही नाही म्हणायलासुद्धा तोंड एवढं पाडावं लागतं का?"

सरांनी चमच्याने टोस्ट काढला, पण मनातलं काढलं नाही. त्यांनी युक्ती योजली. सभागृहातल्या खुर्च्या भाड्याने यायच्या. खुर्च्याच कमी मागवल्या की चार डोक्यांनीही सभागृह भरल्यासारखं दिसेल! विभागाच्या कारकुनाला त्यांनी सांगितलं, "साठ पुरेत."

कारकून हळहळला. सर स्वतःला किती कमी लेखतात! त्याने शंभर लिहिल्या. संचालिकाबाई म्हणाल्या, "कुणी उभं राहिलं तर नाक माझं कापलं जाईल," आणि दीडशे केल्या. सरांच्या लेकीने खुर्चीवाल्याला परस्पर फोन लावला, "काका, पन्नास जास्त टाका, पण आईबाबांना कळू देऊ नका." तिच्या आईनेही तेच केलं आणि बजावलं, "लेकीला कळू देऊ नका." एवढे फोन आल्यावर खुर्चीवाल्याला वाटलं, नक्कीच कुणीतरी मंत्री येतोय. त्याने आपल्या मनाने आणखी एक ट्रक भरला.

व्याख्यानाच्या दिवशी सर प्राध्यापकांच्या खोलीतून, मागच्या चिंचोळ्या दाराने सभागृहात शिरले, आणि जागीच थिजले. भिंतीपासून भिंतीपर्यंत खुर्च्या. एकीवर एक, छताकडे निघालेल्या थप्प्या. माणूस एकही नाही. सर मटकन बसले. एवढ्या खुर्च्यांत बसायला त्यांना जमीनच सापडली.

"अहो!" खिडकीतून बाईंचा आवाज आला. "आत काय करताय? आम्ही यायचं कुठून?"

सरांनी उठून बाहेर पाहिलं. आवारात, पायऱ्यांवर, थेट फाटकापर्यंत माणसंच माणसं! टक्कल पडलेली पोरं, केस पिकलेल्या पोरी. पुढचं दार आतून थप्प्यांनी असं अडलं होतं की हलायला तयार नव्हतं.

"मागच्या दाराने खुर्च्याच बाहेर काढा," सर ओरडले.

आता जमलेले सगळे गोदामं नाहीतर बंदरं चालवणारे. दहा जणांनी दहा योजना मांडल्या. एकाने थप्प्यांचं वर्गीकरण करायला घेतलं, दुसऱ्याने दोन समांतर रांगा लावल्या, आणि दारात अशी कोंडी झाली की एकही खुर्ची हलेना.

"सगळेच साहेब, हमाल कुणीच नाही!" बाई कडाडल्या. "एक रांग करा. मागच्याकडून घ्या, पुढच्याला द्या, आणि तोंडं मिटा!"

खुर्च्या सरसर बाहेर पडू लागल्या. सर रांगेच्या मधोमध उभे राहिले. "पण एवढ्या मागवल्या कुणी?"

"चाळीस मी वाढवल्या, सर," कारकून पुटपुटला. संचालिकाबाईंनी हात वर केला. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही जिभा चावल्या.

"आणि सर, आज सकाळच्या वीस तुमच्याच," खुर्चीवाला म्हणाला. "तुम्हीच फोन केलात ना? 'येतीलही कुणी' म्हणालात!"

रांगेत हास्याचा असा स्फोट झाला की तीन खुर्च्या खाली पडल्या. सर कानापर्यंत लाल झाले.

"पण सर," बंदर चालवणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "तुमच्या खेळात बोलायला बंदी होती. इथे तर सगळे बोलत होते."

"बोलत होते, पण सगळे खुर्चीवाल्याशी!" सर म्हणाले. "एकमेकांशी कोण बोललं?"

"तुम्ही बोललात?" बाईंनी विचारलं. "भीती वाटतेय म्हणून?"

सरांनी पुढची खुर्ची हातात घेतली आणि द्यायची विसरले. "नाही बोललो."

"मग द्या ती खुर्ची पुढे. मागे खोळंबा होतोय."

व्याख्यान आवारातच झालं, म्हणजे सुरू झालं. सर दोन वाक्यं बोलत, की कुणीतरी उठून हुज्जत घाली. कुणी म्हणे, सर, तुमचं ऐकून माझं गोदाम सुधारलं. कुणी म्हणे, तुमचं ऐकून माझं बुडता बुडता वाचलं. मागे रिकाम्या खुर्च्यांच्या चिक्कार रांगा होत्या, पण सरांना तिकडे बघायला फुरसतच मिळाली नाही. ऊन उतरलं तेव्हा खुर्चीवाला हळूच त्यांच्या कानाशी लागला.

"सर, मागच्या सगळ्या नेल्या मी. आता या भरलेल्यांचं काय करू?"

"काय करणार?" सर म्हणाले. "तूही एकीवर बस. अजून माझं बोलून कुठे झालंय!"